कश्काइशला आठवडाभर राहायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी, टप्प्याटप्प्यानं

पोर्तुगालला जाणारी आपली बहुतेक मंडळी मुक्काम लिस्बनला करतात आणि जवळचं समुद्रकाठचं कश्काइश अर्ध्या दिवसात उरकून परततात. माझा सल्ला उलटा आहे. मुक्काम कश्काइशला करा आणि लिस्बन तिथून पाहा. दोन्ही गावांमध्ये लोकल गाडीनं पाऊण तासाहून कमी अंतर आहे. लिस्बन टेकड्यांवर वसलंय, तिथे चढ-उतार करून आई-वडिलांचे गुडघे बोलायला लागतात. कश्काइशचा जुना भाग बराचसा सपाट आहे. शिवाय संध्याकाळी सहानंतर दिवसभराचे पाहुणे गाडीत बसून गेले की गाव खऱ्या अर्थानं मोकळं होतं, आणि ते अनुभवायला तिथे राहावंच लागतं.

आम्ही घरातल्या ज्येष्ठांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे इथल्या बऱ्याच सूचना त्या अंगानं आहेत. नकाशात किंवा बुकिंगच्या साइटवर हे नाव इंग्रजी वळणानं 'कास्कायस' असं दिसेल. गाव तेच.

१. आधी महिना ठरवा, मग बाकीचं

मे, जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं युरोप सुट्टीवर असतं, खोल्यांचे भाव चढतात आणि किनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा शोधावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणार असाल तर छत्री आणि पाण्यात चालतील असे बूट हवेतच.

समुद्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिथे सगळ्यात जास्त हिरमोड होतो. हा भूमध्य समुद्र नाही, अटलांटिक आहे. भर उन्हाळ्यातही पाण्याचं तापमान साधारण १७ ते १९ अंशांच्या आसपास राहतं. गणपतीपुळ्याला किंवा कळंगुटला तासन् तास डुंबणाऱ्या मुलांना इथे पाच मिनिटांत हुडहुडी भरते. त्यात उन्हाळ्याच्या दुपारी उत्तरेकडून वारा सुटतो, त्याला तिथे 'नॉर्तादा' म्हणतात. ऊन डोक्यावर असतं आणि अंगाला मात्र गार लागतं. म्हणून ऑगस्टमध्येसुद्धा प्रत्येकाचं एक जाकीट पिशवीत असू द्या, आणि गार वाऱ्यात ऊन लागत नाही या समजुतीवर राहू नका. टोपी आणि सनस्क्रीन रोज.

जून-जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. दिवसाचं वेळापत्रक आखताना हे लक्षात ठेवा. दुपारी खुशाल विश्रांती घ्या, संध्याकाळ लांबलचक मिळते.

२. शेंगेन व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. (गोव्यातल्या ज्या कुटुंबांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे त्यांना अर्थातच नाही. एकाच घरात दोन प्रकारचे पासपोर्ट असतील तर कोणाचा अर्ज करायचा आणि कोणाचा नाही, हे आधी नीट मांडून घ्या.) प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस लागतात, पण कागद अधिक तपासायचे ठरवले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. मे-जूनच्या प्रवासाला अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात, तेव्हा तीन महिने आधी हलायला लागा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

कागद असे:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिमीचे अलीकडचे फोटो
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं संरक्षण, संपूर्ण शेंगेन प्रदेशासाठी, जाण्या-येण्याच्या तारखा धरून
- विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह, आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा
- मुलं सोबत असतील तर जन्मदाखला, आणि आई-वडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र
- रोजचा कार्यक्रम लिहिलेलं साधं पत्र

यातले सापळे आता. पहिला नावाचा. लग्नानंतर आधार एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा आणि बँकेचं खातं तिसऱ्याच आद्याक्षरांचं, हे आपल्याकडे घराघरात असतं. विमानाचं तिकीट, विमा आणि हॉटेल या तिन्हींवर पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच घाला. आडनावाचा रकाना पासपोर्टमध्ये रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा.

दुसरा सापळा 'जातोच आहोत तर स्पेनही करू' या विचारातला. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्या देशाकडे. पोर्तुगालचा व्हिसा काढून माद्रिदला जास्त राहणं सीमेवर प्रश्नाला आमंत्रण देणारं आहे.

आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट घेऊ नका. शे-दोनशे युरो वाचवायच्या नादात अख्खं तिकीट बुडतं.

३. विमान आणि सीमातपासणी

मुंबईहून लिस्बनला जाताना एक थांबा धरूनच चाला: दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातलं एखादं शहर. दुबई-इस्तंबूलमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी लिस्बनला होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथेच होते, कारण शेंगेनमधला पहिला दरवाजा तो. त्यामुळे तिथे दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा. आता शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारी नवी पद्धत आली आहे, पहिल्या वेळी तिला वेळ लागतो. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे आधी तपासा. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही.

हॉटेलचं बुकिंग, विमा आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या पिशवीत ठेवा. खिडकीवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं तर फोनची बॅटरी शोधत बसायला नको.

४. बॅगेत काय नको

हा टप्पा मराठी घरांसाठी खास. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या, श्रीखंड हे सगळं घरीच. मे महिन्यात जाताना हापूसची पेटी न्यायचा मोह होतो. तोही आवरा. केळं, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं सोडली तर ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं.

भाजणी, मेतकूट, चिवडा, लसणीची चटणी, पोह्याची पाकिटं खुशाल न्या. तेलात केलेलं लोणचं नेत असाल तर बरणी चांगली बांधून मोठ्या बॅगेत टाका. भाजणीचं थालीपीठ तिथल्या ऑलिव्ह तेलावर उत्तम होतं, हे अनुभवानं सांगते.

५. मुक्कामाची जागा

तीन पर्याय आहेत. जुन्या गावात, म्हणजे स्टेशन ते किल्ला या पट्ट्यात, सगळं पायी होतं, पण उन्हाळ्यात रात्री हॉटेलांच्या गल्ल्यांमध्ये आवाज असतो. ज्येष्ठ सोबत असतील तर मोंत एश्तोरिल बघा: शांत वस्ती, स्वतःचं छोटं स्टेशन आणि समुद्रकाठच्या फरसबंद रस्त्यानं कश्काइश पायी वीसेक मिनिटांवर. मात्र तिथे काही गल्ल्या चढाच्या आहेत, घर किनाऱ्यापासून किती वर आहे ते विचारा. तिसरा पर्याय गावाबाहेरच्या गिंशु किनाऱ्याच्या बाजूचा. निसर्ग अप्रतिम, पण गाडी नसेल तर घेऊ नका.

आठवड्याचा मुक्काम असेल तर स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्या. अशा भाड्याच्या घरांना 'आलोजामेंतु लोकाल'चा नोंदणी क्रमांक असतो. जाहिरातीत तो दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. इमारतीला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. जुन्या घरांत बहुधा नसते. पालिकेचा पर्यटन कर माणशी, रात्रीच्या हिशेबानं वेगळा द्यावा लागतो, तो भाड्यात धरलेला असेलच असं नाही.

६. विमानतळ ते कश्काइश

मेट्रोची लाल मार्गिका विमानतळावरूनच सुटते. अलामेदाला उतरून हिरवी मार्गिका पकडा, तिचं शेवटचं स्थानक काइश दु सुद्रे. तिथेच वर कश्काइशच्या गाडीचं स्टेशन. गाडी सुमारे ४० मिनिटांत कश्काइशला पोचते आणि तेच तिचंही शेवटचं स्थानक, त्यामुळे उतरायचं चुकत नाही.

तिकिटासाठी 'नावेगान्त' नावाचं कार्ड अर्ध्या युरोला यंत्रावर मिळतं. माणशी एक कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. त्यात 'झॅपिंग' हा पर्याय निवडून पैसे भरलेत तर तेच कार्ड मेट्रो, ट्राम आणि या गाडीला चालतं. गाडीत चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा फाटकाला कार्ड लावायचं. कार्ड फेकू नका, पुन्हा पैसे भरता येतात.

जाताना डाव्या खिडकीला बसा. आधी तागुश नदी दिसते, मग बेलें, जिथून वास्को द गामाची जहाजं १४९७ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेला लागली, आणि हळूहळू नदीचा समुद्र होतो. या मार्गावर गाडी पहिल्यांदा कश्काइशला आली ती १८८९ मध्ये.

दोन इशारे. पोर्तुगालमध्ये रेल्वेचे संप होत राहतात. 'ग्रेव' हा शब्द स्टेशनवरच्या फलकावर दिसला की संप आहे समजा. निघण्याच्या आदल्या रात्री रेल्वेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आणि काइश दु सुद्रे स्टेशनवर व लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात. पासपोर्ट पुढच्या खिशात किंवा कपड्यांच्या आत.

चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर सरळ ॲपवरून टॅक्सी करा. अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे, माणशी हिशेब फार महाग पडत नाही.

७. गाव कसं पाहायचं

पहिला दिवस फक्त पायी. मासेमारांच्या नावा लागतात त्या खाडीपासून सुरुवात करा. तिथून वर दिसते ती सिदादेला, म्हणजे किल्ला. राजा लुईश पहिला यानं १८७० पासून इथे उन्हाळ्यात राहायला सुरुवात केली. राजा आला म्हणून दरबारी आले, दरबारी आले म्हणून बंगले उठले, आणि मासेमारांच्या गावाचं विश्रामस्थान झालं. पोर्तुगालमध्ये विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते याच किल्ल्यात, १८७८ मध्ये, युवराज कार्लुशच्या वाढदिवसाला. लुईश इथेच १८८९ मध्ये वारला. कार्लुशला समुद्राच्या अभ्यासाचं वेड होतं. त्याच्या नावाचं सागर संग्रहालय गावात आहे, मुलांना तिथे जरूर न्या.

किल्ल्याबाहेर दियोगु द मेनेझेशचा पुतळा आहे. तिथे आपण मुद्दाम थांबावं. हा माणूस १५७६ ते १५७८ गोव्यात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. मायदेशी परतल्यावर १५८० मध्ये स्पेनच्या सैन्याविरुद्ध कश्काइश लढवताना तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. ओल्ड गोवा पाहिलेल्या माणसाला या किनाऱ्यावर उभं राहून त्या जगाचं दुसरं टोक दिसतं. माझ्या दृष्टीनं इथे येण्याचं ते एक मोठं कारण आहे.

पाउला रेगु या चित्रकर्तीचं संग्रहालय दोन लाल मनोऱ्यांवरून लांबूनच ओळखू येतं. चित्रं अस्वस्थ करणारी आहेत, लहान मुलांना आवडतीलच असं नाही, पण मोठ्यांनी चुकवू नये. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार किनाऱ्यासाठी ठेवा.

ज्येष्ठांसाठी सगळ्यात सुंदर जागा म्हणजे 'पारेदाँव', समुद्राला लागून कश्काइशपासून शेजारच्या एश्तोरिल गावाच्या पुढपर्यंत जाणारा सपाट रस्ता. वाटेत बाकं, कॉफीच्या टपऱ्या, स्वच्छतागृहं. एश्तोरिलला दुसऱ्या महायुद्धात हेर आणि निर्वासित एकाच हॉटेलच्या दालनात बसत, आणि युद्धानंतर गादी गेलेले राजे या पट्ट्यात राहायला आले: इटलीचा उम्बेर्तो, रुमानियाचा कारोल. त्यांचे बंगले आजही दिसतात. थकलात तर कुठल्याही स्टेशनवरून गाडी पकडून परत या.

एक सूचना पायांसाठी. इथले पदपथ छोट्या गुळगुळीत दगडांचे आहेत, आणि ओले झाले की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट घाला. नव्या चपला इथे पहिल्यांदा घालू नका.

८. किनारा, झेंडे आणि कडे

कॉन्सेइसाँव आणि दुकेझा हे लागून असलेले दोन किनारे कुटुंबाला सगळ्यात सोयीचे: स्टेशनजवळ आणि वाऱ्यापासून आडोशाला. राइन्याचा किनारा फोटोत सर्वांत देखणा दिसतो, पण तो अगदी चिमुकला आहे आणि भरतीला आणखी आक्रसतो. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा.

झेंडे पाळा. हिरवा असेल तर पोहा. पिवळा असेल तर पाय बुडवा, पोहू नका. लाल असेल तर पाण्यात पाऊल नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे जीवरक्षक त्या वेळी जागेवर नाही. गिंशुचा किनारा बघायला अवश्य जा, गावातून तिथपर्यंत सायकलचा रस्ताही आहे, पण तिथे पोहणं अनोळखी माणसाचं काम नाही. लाटा आणि प्रवाह दोन्ही जोरदार असतात.

बोका दु इन्फेर्नु ही कड्यातली घळ गावापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. लाट आत शिरली की आवाज पोटात उमटतो. कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी उतरू नका. काबु दा रोका, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, तिथेही हेच. कडा समुद्रापासून सुमारे १४० मीटर उंच आहे आणि वारा माणसाला ढकलतो. कश्काइशच्या बस-तळावरून राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंत्रा गावाला जाणारी एक बस काबु दा रोकावरूनच जाते, त्यामुळे दोन्ही एका दिवसात होतात. सिंत्राच्या पेना राजवाड्याचं तिकीट वेळ नोंदवून ऑनलाइन घ्यावं लागतं. ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. मधल्या चढाला अर्धा तास धरा.

९. जेवण

टेबलावर बसताच पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच हसून 'नाँव, ओब्रिगादु' म्हणा (बाईनं म्हणताना 'ओब्रिगादा'). हात न लावलेल्याचे पैसे लागत नाहीत. मासळीचा भाव किलोवर लिहिलेला असेल तर शिजवायच्या आधी वजन आणि रक्कम विचारा. मासे खाणाऱ्यांची इथे चैन आहे: जूनमध्ये निखाऱ्यावरचे सार्डिन, एरवी ऑक्टोपस आणि खारवलेल्या कॉड माशाचे नाना प्रकार.

शाकाहारी मंडळींनी 'सें कार्नी, सें पेइशी' हे पाठ करावं: मांस नको, मासे नकोत. नुसतं 'व्हेज' म्हटल्यावर ट्युना घातलेलं सॅलड येऊ शकतं. 'काल्दु व्हेर्दी' हे पालेभाजीचं सूप दिसायला निष्पाप, पण त्यात सॉसेजची चकती असते. बाजारहाटासाठी बुधवारी आणि शनिवारी सकाळी मर्कादु दा व्हिलामध्ये शेतकरी येतात. तिथली टोमॅटो, अंजीर, चेरी घेऊन या आणि एक वेळ घरी वरणभात लावा. डाळ, मसाले संपले तर लिस्बनच्या मार्तिं मोनीझ भागात आपली दुकानं आहेत. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

१०. पैसे आणि परतीचा दिवस

फॉरेक्स कार्ड न्या, सोबत थोडे रोख युरो. यंत्रावर किंवा दुकानात 'रुपयांत की युरोत?' असं विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपये निवडले की दर वाईट लागतो. पैसे काढायला बँकेच्या भिंतीतलं 'मुल्तिबांकु' यंत्र वापरा. पर्यटकांच्या वाटेवर उभी केलेली भडक रंगाची खासगी यंत्रं भरमसाट शुल्क कापतात. अडचणीत ११२ हा एकच क्रमांक.

परतीचं विमान पहाटेचं असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवा. लिस्बनची मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते, तिच्या भरवशावर आठचं विमान मिळत नाही.